चाकाच्या पोकळीपासून ढगापर्यंत: ऑफ-रोड गाड्यांचे एचडीआर फोटो कसे काढावेत

सेडान गाडीचं रूप पत्र्याच्या वळणांत असतं. थार, गुरखा, जिमनी किंवा एखादी जपून ठेवलेली जुनी एमएम ५४० यांचं निम्मं रूप पत्र्याच्या खाली असतं. टायरचे खोल खाचे, मागच्या स्प्रिंगा (जुन्या गाड्यांत पाटे), शॉक ॲब्सॉर्बर, डिफचा (डिफरन्शिअलचा) गोळा, चेसीला चिकटलेला चिखल हे दिसलं नाही, तर गाडी घाट चढून आली की मॉलच्या पार्किंगमधून, हे फोटो पाहणाऱ्याला कळणार तरी कसं? आणि नेमका हाच भाग कॅमेऱ्यात काळा ठिक्कर येतो. चाकावरची पोकळी सावलीत, तिच्या कडेचं प्लास्टिक काळं, टायर काळा, आणि वर टपापाशी ऑक्टोबरचं लखलखीत आकाश. आकाशाला धरून एक्स्पोजर (सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा ते) लावलं तर गाडीचा खालचा अर्धा भाग जातो. गाडीला धरून लावलं तर आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं.

एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, ही यावरची वाट. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन किंवा पाच फोटो काढायचे आणि प्रत्येकातला चांगला भाग घेऊन एकच चित्र जुळवायचं. कल्पना फोटोग्राफीच्या पहिल्या काही दशकांइतकी जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार १८५०च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक प्रिंट काढत असे. आज हे काम सॉफ्टवेअर काही सेकंदांत करतं, आणि बिघडतं ते इथेच. सोपं झाल्यामुळे सगळं उजळून टाकण्याचा मोह होतो. टायर राखाडी होतात, आकाश मळकट दिसतं, टपाभोवती पांढरी कड उमटते.

या लेखात मी एकच गोष्ट धरून चाललो आहे: चाकाच्या पोकळीत काय आहे ते वाचता यावं, पण गाडीखालची सावली काळीच राहावी. टनाहून जड गाडी जमिनीवर टेकली आहे, हे ती सावलीच सांगते. ती उजळली की गाडी अधांतरी तरंगल्यासारखी दिसते, मग बाकीचं काम कितीही सफाईदार असो.

एचडीआर लागतं कधी

सह्याद्रीतल्या पावसाळ्यात बऱ्याचदा लागतच नाही. जुलैच्या धुक्यात उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या विरतात, आणि एका रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) सगळं मावतं. अशा वेळी तीन फोटो जोडले तर धुक्याचा मऊपणा जातो आणि चित्र उगाच कोरडं होतं. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. पांढरं ढगाळ आकाश चौकटीत मोठ्या भागावर आलं आणि पुढे काळी, ओली गाडी असली, तर तफावत वाटते त्यापेक्षा बरीच मोठी असते.

खरी गरज पडते ती पाऊस ओसरल्यानंतर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दुपारी चारनंतर, सूर्य गाडीच्या मागे किंवा बाजूला कललेला. गवत सोनेरी होतं, धूळ उजेडात चमकते, गाडीची बाह्यरेषा उजळते, आणि कॅमेऱ्याकडची बाजू पूर्ण सावलीत जाते. सगळ्यात देखणा उजेड हाच आणि कॅमेऱ्याला सगळ्यात अवघडही हाच.

जागा आणि गाडीची मांडणी

आधी परवानगीचं बोलू. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय गाडी घालू नका. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्यावर पोलिसांनी कारवाई केली, कारण त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. फोटो हा पुरावाही असतो. सड्यांच्या (खडकाळ पठारांच्या) बाबतीत तर मी हट्टाने सांगेन: कास असो वा कोकणातला जांभ्याचा सडा, खडकावरच्या मातीच्या पातळ थरात पावसाळी फुलांचं बी पुढच्या वर्षाची वाट पाहत असतं, आणि एक टायर फिरला की तो थर निघून येतो. मळलेली गाडीवाट, दगडाची बंद पडलेली खाण, ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान (विचारून), ऑफ-रोडिंगसाठी राखलेले खाजगी ट्रॅक, अशा जागा भरपूर आहेत.

गाडी कॅमेऱ्याकडे पाऊण तोंड करून उभी करा, म्हणजे पुढचा भाग आणि एक बाजू दोन्ही दिसतात. स्टिअरिंग असं वळवा की जवळच्या पुढच्या चाकाची रिम कॅमेऱ्याला दिसेल. टायरची नक्षी दाखवायची असेल तर उलट वळवा. नवे मड-टेरेन टायर असतील तेव्हा मला हे जास्त आवडतं. एक चाक दगडावर चढवलं तर सस्पेन्शन किती खेळतं ते दिसतं, आणि ऑफ-रोड गाडीच्या फोटोत यासारखी बोलकी गोष्ट दुसरी नाही. त्यासाठी चालवणारा जाणकार हवा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, बाकीच्या चाकांना दगडाचा अटकाव, आणि उताराच्या बाजूला कोणीही उभं नको, फोटोग्राफरसुद्धा.

यानंतर इंजिन बंद. ही सूचना फक्त डिझेल वाचवण्यासाठी नाही. डिझेल इंजिन चालू असताना अख्खी गाडी बारीक थरथरत असते. डोळ्याला ते जाणवत नाही, पण सगळ्यात उजळ फोटो अर्धा सेकंद उघडा असेल तर आरशाची कड आणि नंबर प्लेट दुहेरी येते. आत कोणी बसलं असेल तर त्याने हलू नये, कारण स्प्रिंगवरची गाडी माणसाच्या हालचालीने डुलते. अँटेना आणि टपावरच्या झेंड्या काढून ठेवा.

चिखलाबद्दल एक बारकावा. वाळलेला चिखल फिक्का आणि निर्जीव दिसतो. पाण्याची स्प्रे बाटली जवळ ठेवा आणि फोटोच्या आधी चाकांवर, बंपरवर हलका फवारा मारा. लाल मातीचा खरा रंग परत येतो. टायरला पॉलिश मात्र लावू नका, त्या चकाकीमुळे खाचे सपाट दिसतात. काचा आणि हेडलाइट स्वच्छ पुसा. चिखलाने माखलेल्या गाडीचे डोळे स्वच्छ असले की ती जिवंत वाटते.

कॅमेरा लावताना

ट्रायपॉड हवाच. उंची हेडलाइटच्या पातळीला किंवा थोडी खाली ठेवा. थार जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असते, आणि ती मोकळी जागा दिसली पाहिजे. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून ती दिसत नाही. लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबाने ५० ते ८५ मिलिमीटर घ्या आणि मागे सरका. १८-२० मिलिमीटरने जवळून काढलं की जवळचं चाक फुगतं आणि मागचं आक्रसतं.

मोड मॅन्युअल. ॲपर्चर एफ/८, आणि ते तिन्ही फोटोंत बदलता कामा नये. बदललं तर डेप्थ ऑफ फील्ड बदलते आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. ऊन असेल तर ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करा. फाइल रॉ. जवळच्या हेडलाइटवर फोकस करून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवलेलं बरं. दोन सेकंदांचा टायमर लावला की बटण दाबल्याचा धक्का लागत नाही.

पोलरायझर फिल्टर असेल तर लावा, पण जाणून लावा. तो काचेवरची आणि रंगावरच्या लॅकरची चमक कापतो. क्रोम किंवा उघड्या धातूवर त्याचं काही चालत नाही. दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आणि सगळी चमक कापली की पत्र्याला आकारच उरत नाही. बोनेटवर आकाशाचा एक लांबट पट्टा राहू द्या. विंडशील्डला योग्य असलेला कोन दरवाजाला योग्य नसतो, म्हणून दोन वेगळ्या कोनांत फोटोंचे दोन संच घ्या आणि नंतर मास्कने (चित्राचा निवडलेला भागच बदलू देणाऱ्या आवरणाने) जोडा. काळ्या गाडीला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण काळा रंग म्हणजे आरसाच. त्यात झाडं, तुम्ही आणि तुमची पिवळी बॅग सगळे दिसता.

मोजणी

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि डोळे मिटून उणे दोन, शून्य, अधिक दोन असं ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाच्या फोटोंची मालिका) लावतात. अनेकदा चालून जातं, पण का चाललं ते कळत नाही, आणि जिथे चालत नाही तिथे घरी आल्यावर कळतं. मोजायला एक मिनिट लागतं.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर स्पॉटवर ठेवा, म्हणजे तो चौकटीतला एक लहानसा भागच मोजतो. समजा एफ/८ आणि आयएसओ १०० ला सगळ्यात उजळ ढग मोजला आणि मीटर १/१००० सेकंद म्हणाला. मग चाकाच्या पोकळीतला शॉक ॲब्सॉर्बर मोजला, तिथे १/८ आलं. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो. १/१००० पासून १/८ पर्यंत सात स्टॉप. आता मीटर ज्या भागावर रोखाल, तो भाग तो मध्यम राखाडी करतो. ढग राखाडी नको, पांढरा हवा, म्हणून त्याला दोन स्टॉप जास्त: १/२५०. पोकळी राखाडी नको, गडद हवी, म्हणून तिला दोन स्टॉप कमी: १/३०. म्हणजे खरी गरज १/२५० ते १/३० एवढीच, तीन स्टॉपची. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने १/२५०, १/६० आणि १/१५ असे तीन फोटो काढले की पोकळीसाठी एक स्टॉप वरकड राहतो, तो सावलीतले दाणे (नॉइज) कमी करायला कामी येतो.

या हिशेबातून एक गोष्ट उघड होते. चांगल्या आधुनिक फुल-फ्रेम सेन्सरची मर्यादा प्रयोगशाळेतल्या मापात १४ स्टॉपच्या आसपास भरते. त्यामुळे सात स्टॉपचं दृश्य एका रॉ फाइलमध्येही बसतं. मग तीन फोटो कशाला? कारण एका फाइलमधून सावली तीन-चार स्टॉप वर ओढली की काळ्या प्लास्टिकवर रंगीत दाणे उमटतात आणि टायरची पोत चिखलात मिसळते. लहान सेन्सरवर हे लवकर होतं. वेळ असेल, गाडी उभी असेल, तर तीन काढा.

सूर्यच चौकटीत असेल, टपावरच्या कॅरिअरच्या आडून डोकावत असेल, तर पाच घ्या: १/१०००, १/२५०, १/६०, १/१५ आणि १/४. सूर्याची तबकडी तरीही पांढरीच येणार. ती वाचवायचा प्रयत्न करू नका, भोवतालचा केशरी रंग टिकला की पुरे. काही कॅमेऱ्यांत ऑटो ब्रॅकेटिंग तीनच फोटोंचं असतं. तिथे शटर हाताने फिरवा, पण कॅमेरा हलू देऊ नका.

फोटो काढून झाले की दोन तपासण्या जागेवरच करा. सगळ्यात गडद फोटोत आकाशाचा हिस्टोग्राम (गडद ते उजळ भागांचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटलेला नको. सगळ्यात उजळ फोटो झूम करून पोकळीतले नट-बोल्ट स्पष्ट दिसतात का ते पाहा. मग पार्किंग लाइट लावून एक वेगळा फोटो घ्या. ब्रॅकेटिंगमध्ये दिवे चालू ठेवले तर उजळ फोटोत त्यांचे गोळे पसरतात; वेगळ्या फोटोतून नंतर फक्त दिवे उचलता येतात. बरेच एलईडी दिवे अतिशय वेगाने बंद-चालू होत असतात, म्हणून या फोटोचं शटर फार वेगवान ठेवू नका, नाहीतर एक दिवा विझलेला येतो.

जोडणी

लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये तिन्ही रॉ फाइल निवडा आणि कंट्रोल व एच दाबा. ट्रायपॉड वापरला असेल तरी ऑटो अलाइन चालू असू द्या. डीघोस्ट (हललेल्या गोष्टींची दुहेरी छाया काढणारा पर्याय) आधी बंद ठेवून पाहा. गवत वाऱ्याने हललं असेल तर सगळ्यात कमी पातळीवर ठेवा. जास्त ठेवलं की प्रोग्राम त्या भागापुरता एकच फोटो वापरतो आणि तिथे दाणे परत येतात. निघणारी डीएनजी फाइल रॉसारखीच वाकवता येते, फक्त तिच्यात उजेडाची शिल्लक कितीतरी जास्त असते.

पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबलमध्ये एचडीआर जोडणीची सोय आहे, आणि एचडीआर-मर्ज नावाचा मोफत प्रोग्रामही डीएनजी देतो. माझा कल मात्र बऱ्याचदा एनफ्यूजकडे जातो, जो ह्यूगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या प्रोग्रामसोबत मोफत मिळतो. टॉम मर्टेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत त्यात आहे: प्रत्येक फोटोतला बरा उजळलेला, रंग आणि तपशील टिकलेला भाग वजन देऊन एकत्र करायचा, मध्ये टोन मॅपिंगची (उजेडाची मोठी तफावत स्क्रीनवर मावेल एवढी दाबण्याची) कसरत नाही. निकाल शांत येतो. पत्र्याचा रंग पत्र्याचाच राहतो.

आता डीएनजीवर काम. हायलाइटची (उजळ भागांची) पट्टी खाली, साधारण उणे ४० पर्यंत. शॅडो वर, पण ३०-३५ वर थांबा. लगेच ब्लॅक खाली ओढा, उणे १५ ते २०. शॅडो उजळल्याने गेलेला काळेपणा याने परत येतो. हे आकडे सुरुवातीपुरते, प्रत्येक फोटो वेगळं मागतो.

यापुढचं सगळं मास्कने. पोकळी आणि स्प्रिंगा यांच्यावर ब्रशने अर्धा-पाऊण स्टॉप वर. टायर आणि चिखलावर टेक्श्चर आणि थोडी क्लॅरिटी, बाकी कुठेही नाही; पत्र्यावर क्लॅरिटी टाकली की नवी गाडी गंजल्यासारखी दिसते. आणि गाडीखालच्या जमिनीवर एक उलटा मास्क: अर्धा स्टॉप खाली. चार चाकांच्या टेकणीपाशी सावली सगळ्यात गडद हवी आणि बाहेरच्या बाजूला हळूहळू विरायला हवी. या एका मास्कला मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ देतो.

सावल्या उजळल्या की त्यांच्यात लपलेला रंगही वर येतो. हिरवळीवर उभ्या पांढऱ्या गाडीच्या दरवाजाचा खालचा भाग हिरवट दिसतो, जांभ्याच्या वाटेवर तो तांबूस होतो. तांबूस छटा थोडी राहू द्यावी, ती त्या मातीची खूण आहे. हिरवी मात्र आजारी दिसते, तिथे मास्कमध्ये सॅच्युरेशन कमी करा. लाल गाडी लाल मातीवर असेल तर लाल चॅनेल वेगळा तपासा. त्यातला तपशील आधी जातो आणि बोनेट रंगाच्या सपाट डागासारखं दिसतं.

शेवटी १०० टक्के झूम करून टपाची कड, कॅरिअरचे दांडे आणि स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) यांच्यावरून नजर फिरवा. टोन मॅपिंग प्रत्येक ठिकाणचा उजेड शेजाऱ्यांशी ताडून ठरवतं. काळ्या टपाच्या शेजारी झगझगीत आकाश असलं की ते गोंधळतं आणि कडेला पांढरं वलय सोडतं. वलय दिसलं तर शॅडो आणि हायलाइट दोन्ही मागे घ्या. त्यानेही गेलं नाही, तर सगळ्यात गडद फोटोतलं आकाश मास्कने आणून बसवा.

गाडी पळत असेल तर

पळत्या गाडीचे तीन फोटो जुळत नाहीत, आणि जुळवूही नयेत. चाकाखालून उडणारं पाणी हवं असेल तर १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर आणि एकच रॉ फाइल. एक्स्पोजर पाण्याच्या तुषारांवर लावा. तुषार एकदा कोरे पांढरे झाले की त्यांचा तपशील परत मिळत नाही, सावली थोडीफार मिळते. पॅनिंगला (गाडीसोबत कॅमेरा फिरवत काढताना) १/६०च्या आसपास.

मधला एक मार्ग आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का ठेवा, गाडी यायच्या आधी रिकाम्या जागेचं ब्रॅकेटिंग करून घ्या, मग त्याच चौकटीत गाडी येताना एकेक वेगवान फोटो काढा. घरी मागचं दृश्य एचडीआरमधून आणि गाडी, पाणी, धूळ एका फोटोतून घ्यायची. गाडीची सावली तिच्यासोबतच आणायला विसरू नका. थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे. फोटोसाठी तिच्या जवळपासही जायची गरज नसते. घोट्याएवढ्या पाण्यात, सूर्य मागे असताना, तुषार छान उडतात.

मोबाइलवर

मोबाइल हे सगळं न विचारता करतो, आणि बहुतेक वेळा सावली गरजेपेक्षा जास्त उजळतो. ढगावर बोट ठेवून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. फोन दगडाला किंवा झाडाला टेकवून धरा. रॉ किंवा प्रो मोड असेल तर तो वापरा आणि वर सांगितलेला गाडीखालचा मास्क लाइटरूमच्या मोबाइल ॲपमध्ये टाका. मोबाइलच्या फोटोत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. नेहमीच्या १x लेन्सने मागे सरकून काढा, ०.५x ने चाकं फुगतात.

पाठवण्याआधी

नंबर प्लेट झाका, विशेषतः गाडी दुसऱ्याची असेल तर. वेबसाठी जेपीईजी आणि रंग एसआरजीबी. छापायचं असेल तर सावल्या स्क्रीनवर दिसतात त्याहून किंचित उजळ ठेवा, कारण कागद उजेड स्वतः देत नाही आणि पोकळीतला तपशील आधी तिथेच बुडतो. एक लहान चाचणी-प्रिंट काढून चाकांकडे पाहा. आणि मूळ रॉ फाइल पुसू नका; जोडणीचे प्रोग्राम दर एक-दोन वर्षांनी सुधारतात, आणि जुनेच तीन फोटो नव्याने जोडले की बरेचदा आधीपेक्षा स्वच्छ निघतात.